झाकणावरचं हळकुंड

मी आयुष्यात कॉम्प्युटरला एकच गोष्ट सांगितली आणि ती चुकीची सांगितली. तेवढ्यावर माझ्या धाकट्या भावाचं निम्मं कांद्याचं रोप जळालं आणि त्या सख्ख्या भावाशी बोलणं तुटायला आलं. आमच्या मांडवगणात अजून दोनचार माणसं म्हणतात की नातीच्या मशीननं घोटाळा केला. मशीननं काही केलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. तीही मास्तरांनी कंटाळून वर ढकललं म्हणून. घोटाळा करायला मला मशीन कशाला लागतंय?

आमची विहीर सामाईक. मी, धाकटा आणि चुलतभाऊ असे तीन वाटेकरी. पण पाण्याच्या पाळ्या चार. चौथी पाळी माझ्या बायकोची. विहीर खांदली तेव्हा ही नवी नवरी होती आणि गड्यांच्या बरोबरीनं तिनं डोक्यावर मुरूम वाहिला. पाणी लागलं त्या दिवशी माझ्या बापानं सगळ्यांसमोर सांगितलं, हिची एक पाळी. मला तेव्हा राग आला होता. मला वाटलं, हिची पाळी म्हणजे माझीच की. तसं काही झालं नाही. विहिरीच्या खालच्या अंगाला अर्धा एकर तुकडा होता, त्यात ती मिरची-वांगी लावायची आणि उरलेलं पाणी ज्याचं पीक सुकत असेल त्याला द्यायची. "वहिनी, उद्याचं पाणी द्या" म्हणत धाकटा यायचा, चुलतभाऊ यायचा. मी कधी मागितलं नाही. घरातल्या बाईकडं पाणी मागायचं म्हणजे काय! माझा ऊस वाळायचा, पण ताठा हिरवागार.

आज कुणाची पाळी, हे तीच सांगायची. तिची एक रीत होती. देवापाशी पिठाच्या डब्याचं एक जुनं झाकण ठेवलेलं असायचं. त्यात ओळीनं चार वस्तू, पाळीगणिक एक : एक बटण, एक खडा, एक सुपारी, एक चिंचोका. रोज सकाळी चहाच्या आधी ती हळदीचं एक हळकुंड उचलून पुढच्या वस्तूपाशी ठेवायची. आदल्या दिवशी लाईट नसली, मोटार चाललीच नाही, तर हळकुंड जागचं हलायचं नाही. म्हणजे कॅलेंडर बघून कुणाला हिशोब लागायचा नाही. झाकणच बघायला लागायचं.

मी रोज त्या झाकणापुढं उभा राहून देवाला हात जोडायचो. वस्तू कुणाची कोणती, हे मी तिला चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. मी मनानं ठरवून टाकलं होतं. बटण माझं, कारण सदरे माझे. चुलतभाऊ सुपारी खातो, म्हणून सुपारी त्याची. चिंचोका तिचा. राहिला खडा, तो धाकट्याचा. धाकट्याला दगड ठरवल्याचा मला मनातून आनंदच होता.

दसरा झाला आणि चौथ्या दिवशी ही गेली. सकाळी तिनं हळकुंड ठेवलं, चहाचं आधण ठेवलं आणि छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसली. दौंडला दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा मी तिच्या चपला शोधत देवापाशी आलो. तिथं चपला कशाला असतील? पण माणूस खुळ्यासारखा कुठंही शोधतो. तेव्हा झाकणाकडं नजर गेली. हळकुंड बटणापाशी होतं. एवढंच डोळ्यांत राहिलं. चपला दारातच होत्या. गाडी नदीच्या पुलावर गेली तोवर तिला चपलांची गरज उरली नव्हती.

आमच्या भावकीत सुतकात सामाईक विहिरीच्या स्टार्टरला कुणी हात लावत नाही. तेरा दिवस मोटार बंद. ऊन तर असं की बांधावर उभं राहवत नव्हतं. धाकट्यानं नुकतंच कांद्याचं रोप टाकलं होतं. त्याची बायको वस्तीवरल्या हापशावरून घागरी आणून रोपावर शिंपडायची आणि तो तांब्या तांब्यानं ओळी भिजवायचा. मी ते ओट्यावरून बघत होतो. बघत होतो म्हणजे डोळे तिकडं होते.

सुतक फिटायच्या दिवशी बायकांनी घर धुऊन काढलं. भांडं न् भांडं घासलं. झाकणही घासलं, लखलखीत केलं आणि पिठाच्या डब्यावर बसवलं. बटण, खडा, सुपारी, चिंचोका, हळकुंड सगळं केरात गेलं. त्यांची काही चूक नाही. रीतच आहे, घर नव्यानं सुरू करायचं. पण चौदाव्या दिवशी विहिरीवर आम्ही तिघं उभे राहिलो आणि आज कुणाची पाळी हे तिघांनाही सांगता येईना.

माझी नात तेव्हा दिवाळीच्या सुट्टीला आली होती. लेकीची मुलगी, भांडगावची. पुण्यात कॉम्प्युटरचं शिकते. आजीच्या आठवणीनं घरात बसून राहण्यापेक्षा हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिनं ठरवलं, पाळीचा प्रोग्राम करायचा. रोज सकाळी तिघांच्या मोबाईलवर मेसेज येईल, आज अमक्याची पाळी. लाईट नव्हती तर एक बटण दाबायचं, दिवस पुढं सरकणार नाही.

ओट्यावर बसून ती टकटक करायची आणि मी शेजारी तंबाखू मळत बसायचो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कळत नाही म्हणायचं वय निघून गेलंय.

"आबा, आधी चार खणांची यादी करायची," ती म्हणाली. "पाटाच्या क्रमानं. विहिरीजवळ कुणाचं रान?"

"धाकट्याचं."

"मग तुमचं, मग चुलत आबांचं, मग..." तिची बोटं थांबली. "आबा, तीन खण करू का चार?"

मी तंबाखू झटकली. "पाळ्या चार हायत. चौथ्यात तुझ्या आजीचं नाव लिही."

तिनं मान खाली घालून लिहिलं. मग म्हणाली, "पहिल्या खणाचा नंबर शून्य असतो बरं का."

मला वाटलं ती माझी परीक्षा घेतेय. पण आमच्याकडं खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, मग दोन, तीन. मी म्हणालो, "आमचा लाभ तसा तुमचा शून्य." ती म्हणाली, "आबा, भारी!" आणि मी तिथंच चढलो. पुढचं सगळं त्या एका 'भारी'नं घडवलं.

"आता हा दुसरा डबा. ह्याचं नाव 'आज'," ती म्हणाली. "आज कुणाची पाळी त्याचा नंबर ह्यात राहणार. ह्यात पहिल्यांदा काय ठेवू?"

"काय ठिवू म्हंजी? एवढं शिकलेलं मशीन हाय, त्याला कळंल की."

"त्याला काहीच कळत नसतं. आपण पहिलं काहीतरी ठेवायचं, मग ते पुढं मोजतं. थांबा, दाखवते."

कॉलेजात शिकवतात ती एक जुनी भाषा तिनं उघडली. एक डबा केला, आत काही ठेवलं नाही आणि त्यातलं काढून दाखव म्हणाली. पडद्यावर वजा खुणेचा एक लांबलचक आकडा आला.

"एवढा मोठा आकडा कुणी टाकला?"

"कुणीच नाही. ती जागा आधी दुसऱ्या कशाला तरी वापरलेली असते. त्याचं पडून राहिलेलं. आम्ही त्याला कचरा म्हणतो. पुसल्याशिवाय वापरायचं नाही."

हे मला लगेच पटलं, कारण माझं तसं झालेलं आहे. तरुणपणी दोन वर्षं मी दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करत होतो. खोली भाड्यानं घेतली, त्यात भिंतीवर एक तसबीर टांगलेली होती. फेटा, दाढी, कपाळाला गंध. कुणीतरी मोठे महाराज असतील म्हणून मी रोज उदबत्ती लावायला लागलो. नवससुद्धा बोललो, की धक्क्यावर कायम होऊ दे. महिन्यानं आधीचा भाडेकरू राहिलेलं सामान न्यायला आला आणि म्हणाला, "बरं झालं, सासऱ्याचा फोटू हितंच हाय." पुढच्या आठवड्यात मी हिला खोलीवर आणलं. तिनं दारात उभं राहून मला सांगितलं, "आधी समदं भाईर काडा, मंग मी पाय टाकते." खिळासुद्धा तिनं ठेवला नाही.

ही गोष्ट सांगितल्यावर नात पोट धरून हसली. घरात तेरा दिवसांनंतर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग डोळे पुसत म्हणाली, "मी आता ज्या भाषेत करतेय ती आईसारखी आहे. तुम्ही काही सांगितलं नाही तर ती आपलं आपण शून्य ठेवते. पण तुम्ही सांगा ना. आजीचं हळकुंड शेवटी कुठं होतं, आठवतंय का?"

आठवत होतं. तेवढंच तर आठवत होतं, विहिरीवर सुचलं नव्हतं.

"माझ्यापाशी," मी म्हणालो. "माझ्यापासून लाव."

तिनं एकचा आकडा दाबला. संध्याकाळी विहिरीवर मी दोघांना सांगितलं, की सुतकात पाळी थांबली होती, हळकुंड बटणापाशी म्हणजे माझ्यावर थांबली होती, उद्या मी मोटार चालू करणार. चुलतभाऊ म्हणाला, बरं. धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं, मिटलं आणि खोरं खांद्यावर टाकून गेला. मला वाटलं, दगड आहे, कळायला वेळ लागतो.

पहिल्या दिवशी माझ्या मोबाईलवर माझं नाव आलं. मी उसाला पाणी दिलं. खरं तर उसाला आणखी आठ दिवस चाललं असतं. पण पाळी म्हणजे पाळी. दुसऱ्या दिवशी चुलतभावाची. तिसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला आणि त्यात तिचं नाव होतं.

चुलतभावानं फोन केला. "दादा, आज वहिनीचा मेसेज आलाय रं," म्हणाला आणि फोन ठेवला. ते नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, आणि ते माझ्या सदऱ्याच्या खिशात वाजलं होतं.

दुपारी धाकटा आला. ओट्याच्या खालीच उभा राहिला.

"दादा, आज वहिनीची पाळी हाय. मोटार बंदच हाय. माझं रोप माना टाकायला लागलंय. आजचं पाणी घिऊ का?"

मी काय म्हणालो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "तिला विचार."

तो चपला वाजवत निघून गेला. विहिरीत त्या दिवशी पाणी पायरी पायरीनं वर चढत होतं आणि मी काठावर बसून राखण करत होतो. कशाची, ते मला आजही सांगता येणार नाही. मला वाटत होतं, तिच्या पाळीचं पाणी दुसऱ्यानं काढलं की ती संपली.

चौथ्या दिवशी धाकट्याची पाळी आली. निम्मं रोप पिवळं पडून जमिनीला चिकटलं होतं. ते काही उठलं नाही.

नात मधे भांडगावला गेली होती. परत आली ती धाकट्याच्या रानावरून, आणि तोंड पाडून बसली. मी विचारलं, तर म्हणाली, "माझ्यात काहीतरी चुकलं का, ते मी तीनदा तपासलं. चुकलेलं नाही. क्रम बरोबर, यादी बरोबर. ज्यानं सुरू केलं तेच चुकीचं असेल तर पुढं सगळं बरोबर चालून चूकच राहतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "धाकट्या आजीशी बोला."

माझी भावजय माझ्यापुढं कधी मोठ्यानं बोललेली नाही. तीस वर्षं झाली, पदर सावरून भिंतीच्या आडूनच बोलते. त्या दिवशी मी तिच्या दारात गेलो तर ती लसूण सोलत होती, उठली नाही.

"भावजी, हळकुंड कुठं हुतं म्हनं शेवटी?"

"बटणापाशी."

"मंग? बटण आमचं की."

"सदरं माझं, आन् बटण तुमचं कसं?"

"तुमचं लगीन झालं तवा ह्ये शाळंत जात हुते. रोज बटण तोडून यायचे. वहिनी रोज लावायच्या. त्या म्हनायच्या, ह्या पोराची वळख म्हंजी बटण. सगळ्या वस्तीला ठावं हाय."

मी विचारलं, "आन् माझं काय हुतं?"

तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती, पदरामुळं दिसलं नाही. "खडा," म्हणाली.

मी घरी आलो. नात ओट्यावर होती. तिला सांगितलं, तर ती हळूच म्हणाली, "आबा, धाकट्या आबांचा नंबर शून्य आहे."

"मंग?"

"तुम्ही काहीच सांगितलं नसतं तर मशीननं शून्यच ठेवलं असतं."

म्हणजे मी तोंड बंद ठेवलं असतं तरी काम बरोबर झालं असतं. हे मला शाळेत मास्तर सांगायचे, चाळीस वर्षं बायको सांगायची, आता मशीननंही सांगितलं. पाटाच्या क्रमानं पहिलं बटण, पहिलं रान धाकट्याचं, एवढंसुद्धा रोज हात जोडताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खडा म्हणजे तिनं उगाच ठेवला नव्हता.

"चौथ्या खणाचं काय करू?" तिनं विचारलं. "आजीचं नाव काढू?"

"काढलं तर काय राहतं? शून्य?"

"शून्य नाही ठेवता येत, ती धाकट्या आबांची पाळी होईल. शून्य म्हणजे पण कुणीतरी. रिकामं वेगळं असतं. खण आहे, पण अजून कुणी नाही. मग ज्यानं मागितलं त्याचं नाव त्या दिवसापुरतं. आणि दर फेरीला मी ते परत रिकामं करणार, नाहीतर मागच्याचंच नाव तिथं पडून राहील, तुमच्या त्या खोलीतल्या सासऱ्यासारखं."

मी पुष्कळ वेळ तंबाखू मळली. ही तरी दुसरं काय करत होती? स्वतःची पाळी दर फेरीला कुणाकुणाला देऊन टाकायची आणि पुढच्या वेळी ती परत मोकळीच असायची. ती गेल्यावर मीच तिला तिथं बसवून ठेवलं होतं.

"कर रिकामं," मी म्हणालो. "आन् 'आज'मधी शून्य ठिव."

मग धाकट्याच्या रानात गेलो. तो राहिलेल्या रोपातलं तण काढत होता. वर बघितलं नाही.

"शून्यापासून लावायला सांगितलंय," मी म्हणालो.

"म्हंजी?"

"म्हंजी तुझ्यापासून. उद्या तुझी पाळी. आन् परवाची माझी, ती पण तूच घे. उसाला काय धाड भरली न्हाई."

तो तण काढत राहिला.

"बटण तुझं हुतं तर बोलला का न्हाईस त्याच दिवशी?"

आता त्यानं वर बघितलं. "चौदाव्या दिवशी तुमच्याशी बटणावरून भांडू व्हय, दादा? वहिनीची राख अजून थंड न्हाई आन् मी बटण मागू?"

मी त्याचं खोरं उचललं. दुसऱ्या दिवशी मोटार मी चालू केली आणि दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यावाफ्यांत वळवायला, मीच उभा राहिलो. रोपाच्या वाफ्याचं दारं फोडायचं ते सोडून मी शेजारचं फोडलं आणि सगळं पाणी त्याच्या गुरांच्या घासात गेलं. धाकटा पळत आला, माझ्या हातातून खोरं काढून घेतलं. "सरका दादा. रोप जळालं ते जळालं, राहिलेलं बुडवू नका." वाफ्यात पाणी शिरलं तसं त्यानं खाली बसून रोपाची एक काडी चिमटीत धरून बघितली. जिवंत होती. दोन दिवस लागोपाठ पाणी मिळालं आणि राहिलेलं रोप वाचलं. जळालेल्या निम्म्याच्या जागी त्याला कासुर्डीच्या व्याह्यांकडून विकतचं आणावं लागलं. मी बरोबर गेलो. वाटेत तो माझ्याशी बोलला, पण सगळं कांद्याबद्दलच.

घरी मी पिठाच्या डब्याचं झाकण काढून परत देवापाशी ठेवलं. मोबाईल आहे, तरी ठेवलं. बटण धाकट्याच्या बायकोनं दिलं. सुपारी, चिंचोका मिळाले. नवं हळकुंड आता रोज सकाळी मी सरकवतो. खडा मी विहिरीवरूनच आणला, चांगला मोठा.

आता चौथ्या दिवशी मेसेज येतो, 'आज चौथी पाळी रिकामी. पाहिजे त्यानं सांगा.' चुलतभाऊ मागतो, तेही तिघांच्या मोबाईलवर दिसतं. धाकटा मागेना. मला माहीत होतं तो का मागत नाही. मी त्याला जे बोललो होतो ते मेसेजसारखं पुसता येत नाही.

परवा चौथी पाळी आली आणि तिच्या अर्ध्या एकरातली मिरची माना टाकत होती. तिनं लावलेली शेवटची. माझी पाळी दोन दिवसांवर. मी मोबाईल घेतला. चष्मा लावला. अर्धा तास लागला तीन शब्द जुळवायला. आयुष्यात पहिल्यांदा मी पाणी मागितलं.

'मला पाहिजे. मिरचीला.'

मग धाकट्याचा मेसेज आला.

'वहिनीला विचारलं का?'

माझंच वाक्य माझ्या घरी परत आलं होतं. मग उठलो, देवापाशी गेलो, हळकुंड चिंचोक्यापाशी होतं ते बघितलं आणि परत येऊन लिहिलं, 'विचारलं. काही बोलली नाही.'

थोड्या वेळानं मोबाईल वाजला.

'मग घ्या दादा. आणि दारं मी धरतो.'